आमचे गिरगावचे घर बंद का आहे

गिरगावातल्या आमच्या घराची कुलुपे तपासायला मी गेले की वाडीतले कोणी ना कोणी हमखास विचारते, "ताई, एवढे चांगले घर असे पडू कसे देता? दुरुस्त तरी करा, नाहीतर विकून तरी टाका." जुन्या वास्तू पाहत हिंडणारी तरुण मुले येतात, तीही दाराचा फोटो काढून झाल्यावर हेच विचारतात, आणि गेल्या दिवाळीत माझ्या सुनेनेही हेच विचारले. दारात उभ्याउभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते एकदा नीट लिहून ठेवते आहे.

घर माझ्या पणजोबांनी १९०८ साली बांधले. चुन्यातल्या विटांच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर मंगलोरी कौले, रस्त्याच्या बाजूला लाकडी कठड्याचा लांब सज्जा, आणि दारावरच्या अर्धवर्तुळात तांबड्या-निळ्या काचा. पणजोबा १९३१ साली मृत्युपत्र न करता वारले. तीन मुलगे एकाच चुलीवर जेवत होते, तेव्हा वाटणीचा विषय काढणे म्हणजे घर फोडणे असे सर्वांनाच वाटले असणार, आणि मी त्यांना दोष देत नाही. मालमत्ता पत्रकावर त्या तिघांची नावे चढली आणि त्यानंतर आजतागायत एकही नोंद झालेली नाही. त्या तिघांतले शेवटचे, म्हणजे माझे धाकटे चुलत आजोबा, १९७१ साली गेले. कागदोपत्री हे घर पन्नासहून अधिक वर्षे फक्त मृतांच्या मालकीचे आहे. आत राहणारी शेवटची व्यक्ती म्हणजे माझी काकू. ती २००३ साली गेली आणि दाराला तीन कुलुपे लागली, थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या मुलाच्या वंशाचे, एक, मधल्या पातीचे एक, धाकट्या पातीचे एक. तिन्ही किल्ल्या एका वेळी हजर असल्याशिवाय ते दार उघडत नाही.

आज या घराचे चौतीस वारस आहेत. त्यांतले सात परदेशात आहेत, काहींची मुले मराठी बोलत नाहीत, आणि माझा एक काका १९७६ साली घर सोडून गेला तो परतलाच नाही. सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही तो हयात नाही असे कायदा गृहीत धरतो, परंतु ते गृहीतक लागू करून घेण्यासाठीही कोणीतरी न्यायालयात पुरावा द्यावा लागतो. त्याच्या आईने, माझ्या आजीने, ते अखेरपर्यंत करू दिले नाही. आमच्या वकिलांच्या हिशेबाप्रमाणे थोरल्या पातीतल्या सर्वांत लहान वारसाचा हिस्सा दोनशे सोळावा आहे. तीन हजार चौरस फुटांच्या भूखंडात त्याच्या वाट्याला जेमतेम चौदा चौरस फूट येतात. एक खाट टाकायलाही ती जागा पुरणार नाही. तरीही त्याची सही नसेल तर काही होत नाही.

कोकणातल्या आमच्या गावच्या घराचेही असेच वारस झाले होते. तिथे चुलत भावंडांनी एका दुपारी तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्र करून दिले, कारण त्या घराचे कोणाला पैसे येणार नव्हते. भावंडांमध्ये वडिलोपार्जित मिळकतीचे हक्कसोडपत्र करायला मुद्रांक शुल्कही नाममात्र लागते. गिरगावात मात्र चौदा चौरस फुटांचीसुद्धा किंमत होते. मेट्रोचे स्थानक झाल्यापासून ती आणखी वाढली आहे. ज्या जागेने पणजोबांना श्रीमंत केले नाही ती जागा आता तिच्या प्रत्येक तुकड्याला इतकी मोलाची झाली आहे की कोणी कोणासाठी काही सोडत नाही. माझ्या मते मुंबईतली अशी घरे मोडण्याचे पहिले कारण हेच आहे.

त्यात हिश्शांचे गणितही जागेवर राहिलेले नाही. माझे लग्न १९८९ साली झाले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला, परंतु २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. वडिलांच्या पश्चात त्यांच्या हिश्शातला वाटा मला मिळत होता, पण कुटुंब राहत असलेल्या घरात पुरुष वारसांनी वाटणी करायचे ठरवल्याखेरीज मुलीला वाटणी मागता येत नाही, असे एक कलम २००५ पर्यंत कायद्यात होते. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलम गेले आणि विवाहित मुलींनाही समान हक्क मिळाला. मग त्या तारखेला वडील हयात असायला हवे होते की नाही यावर वेगवेगळे निकाल येत राहिले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते हयात असण्याची अट नाही असे सांगून वाद मिटवला. यातला प्रत्येक बदल न्याय्य होता आणि मला तो हवाच होता. परंतु प्रत्येक वेळी आमच्या घराचे हिस्से नव्याने मोडले, आणि अगोदर तोंडी ठरलेले सगळे विस्कटले.

मग न्यायालयातून वाटणी का करून घेत नाही, असे विचारले जाते. थोरल्या पातीने वाटणीचा दावा १९८७ सालीच लावला आहे. अशा दाव्यात आधी कोणाचा हिस्सा किती हे ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, आणि त्यानंतर प्रत्यक्ष वाटणी. आमचा दावा पहिल्या पायरीवरच अडला आहे, कारण पक्षकार मेला की नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणावे लागतात. ते न आणल्यास त्याच्यापुरता दावा संपुष्टात येतो आणि तो उठवण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा विलंबमाफी, पुन्हा तारखा. दावा लागल्यापासून आमच्यातली अकरा माणसे गेली. ज्या घराचे तुकडे पाडून वाटणी करणे शक्य नाही ते विकून पैसे वाटावेत असा आदेश न्यायालय देऊ शकते, त्यासाठी १८९३ सालचा कायदा आहे. मात्र निम्म्या किंवा त्याहून अधिक हिश्शाच्या धन्यांनी तशी मागणी करायला हवी. आमच्यात प्रत्येक पातीचा एक तृतीयांश. निम्मे भरायला दोन पात्यांनी एकत्र यायला हवे, आणि तीन पिढ्यांत ते घडलेले नाही.

हे सगळे चालू असताना घराचे काय झाले ते सांगते, कारण मला खरे दुःख त्याचे आहे.

दोन छपरे जिथे मिळतात तिथली जस्ताची पन्हळ २००९ च्या पावसाळ्यात फुटली. मजुरीसकट काम चाळीस हजारांत होणार होते आणि ते मी एकटीने द्यायला तयार होते. मी तसे तिन्ही पात्यांना कळवले. आठवड्याभरात धाकट्या पातीच्या वकिलाची नोटीस आली की दुरुस्तीच्या नावाखाली मी घरावर ताबा सिद्ध करू पाहते आहे आणि छपराला हात लावल्यास मनाईहुकूम आणला जाईल. वास्तविक एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीने असलेला ताबाच समजला जातो. पन्हळ बदलून कोणी कोणाचे घर घेऊ शकत नाही. मी हे लिहून पाठवले. उत्तर आले नाही आणि किल्लीही आली नाही.

त्या पन्हळीतून पाणी भिंतीच्या माथ्यात उतरले. भिंतीच्या आत जिथे तुळईचे टोक बसवलेले असते तिथे हवा लागत नाही, त्यामुळे ओल वाळत नाही आणि सागवानसुद्धा तिथूनच कुजायला लागते. बाहेरून पाहणाऱ्याला तुळई अखंड दिसते. २०१३ मध्ये कंगणीच्या फटीत पिंपळ उगवला, तो मी गल्लीतून पाहत होते आणि करंगळीएवढा असताना उपटू शकत नव्हते. त्याची मुळे चुन्यातून खाली गेली, भिंतीला तडा गेला, तड्यातून आणखी पाणी गेले. २०१८ च्या जुलैत पूर्वेकडच्या खोलीची जमीन खालच्या खोलीत कोसळली. त्यानंतर महापालिकेची नोटीस दाराला चिकटवली गेली, 'मालक / वहिवाटदार' अशा नावाने, इमारत धोकादायक असून ती सुरक्षित करावी किंवा पाडावी म्हणून. पन्हळ बदलायला जिथे एकमत झाले नाही तिथे पाडायला मात्र दोन पात्या चटकन तयार झाल्या.

यात केवळ आमच्या घरातल्या माणसांचा दोष आहे असे मला वाटत नाही. मलबार हिलवरचा साउथ कोर्ट बंगला पाहा. क्लॉड बॅटली या नामवंत वास्तुविशारदाने महंमद अली जीनांसाठी तो १९३६ साली बांधला, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी आणि जीना यांची बोलणी तिथेच झाली. जीनांनी १९३९ च्या मृत्युपत्रात तो बहीण फातिमा यांच्या नावे केला होता. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेचे कायदे लागू झाले आणि घर सरकारच्या ताब्यात आले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे ब्रिटिश उपउच्चायुक्तालय होते, आणि ते गेल्यापासून बंगला बहुतेक काळ रिकामाच आहे. २००७ मध्ये जीनांच्या कन्या दिना वाडिया यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. जीना ज्या खोजा समाजात जन्मले त्याला वारसाहक्कात हिंदू कायदा लागू होतो, म्हणून आपण एकमेव वारस आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये त्या गेल्या. तिथे पैशांची वा नामांकित वकिलांची वाण नव्हती. तिथला आणि आमचा प्रश्न एकच, घर नक्की कोणाचे, आणि तो सुटेपर्यंत घराने थांबावे अशी अपेक्षा.

मालकी स्पष्ट असली म्हणजे वास्तू वाचते असेही नाही, हे मला मान्य आहे. होमी भाभांचा मेहरांगीर बंगला त्यांचे बंधू जमशेद यांच्या मृत्युपत्राने निर्विवादपणे एनसीपीए या कलासंस्थेकडे गेला, २०१४ मध्ये ३७२ कोटींना लिलावात विकला गेला आणि २०१६ मध्ये पाडला गेला. पण तिथे निदान कोणीतरी निर्णय घेतला; तो चूक होता असे म्हणता येते, त्याविरुद्ध बोलता येते, आणि तेव्हा लोक बोललेही. आमच्या घराविषयी कोणाशी भांडायचे? त्याला पाडण्याचे कोणीच ठरवलेले नाही.

मदतीच्या ज्या वाटा आहेत त्या सगळ्या सहीपाशी येऊन थांबतात. भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींकडून शासन उपकर घेते आणि म्हाडाचे मंडळ त्यांच्या दुरुस्तीत लक्ष घालते. आमच्याकडे भाडेकरू कधीच नव्हते. ऐतिहासिक वारसा यादीतल्या इमारतींना हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे न वापरलेले बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा, मिळू शकतात, पण त्या अर्जावर मालकाची सही लागते. बँक कर्जासाठी निर्वेध मालकी हक्क मागते. सगळ्यांच्या सह्या न मागता दारी आलेला एकच माणूस मला भेटला, आणि तो हिस्से विकत घेणारा होता. गेल्या दहा वर्षांत त्याने थोरल्या पातीतल्या तिघांचे हिस्से पडत्या भावाने घेतले आहेत. राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला कायदा आत येऊन राहू देत नाही, आणि त्याला राहायचेही नाही. घर पडेपर्यंत थांबायला त्याची तयारी आहे.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी आता एक गोष्ट आवर्जून सांगते. मालकीचा वाद आणि घराची देखभाल या दोन गोष्टी आपण वेगळ्या काढायला हव्यात. हिस्सा कोणाचा किती हे ठरायला तीस वर्षे लागोत, पण कौल बदलायला, पन्हळ बसवायला, पिंपळ काढायला कोणाच्या तरी हाती अधिकार असला पाहिजे. दावा चालू असताना न्यायालयाकडून तेवढ्यापुरता आदेश मागता येतो. आमच्यापैकी कोणाला हे सुचायला २०२२ उजाडले, कारण आम्ही सगळे पस्तीस वर्षे घर मागत होतो, त्यासाठी काही मागत नव्हतो. आणि ज्यांची आई किंवा आत्या अजून हयात आहे त्यांना सांगते की तिच्या समोर बसून वारसांची नावे लिहून घ्या, वारसनोंद करा, मृत्युपत्र असेल तर त्यात व्यवस्थापक नेमा. ती आहे तोवर भावंडे एका खोलीत येतात.

आम्हाला तो आदेश २०२३ मध्ये मिळाला. एकच पान आहे. सर्व पक्षकारांचे हक्क अबाधित ठेवून छप्पर, पन्हळ आणि टेकू एवढीच कामे करावीत आणि खर्चाचा हिशेब सादर करावा. मे महिन्यात तिन्ही किल्ल्या आल्या. सुताराने मधल्या खोलीतल्या तुळईच्या टोकात पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. हातभर पुढे सरकून त्याने हातोडी मारली तेव्हा लाकूड खणखणीत वाजले. "इथून पुढे शंभर वर्षांचं आहे, बाई," तो म्हणाला. कुजलेली टोके कापून त्याने नवा सागवान जोडला. पूर्वेची खोली गेली ती गेलीच.

या श्रावणात मी आत जाऊन आले. जिन्याजवळची भिंत हाताला कोरडी लागली. दावा अजून पहिल्याच पायरीवर आहे. धाकट्या पातीतला माझा चुलत भाऊ, ज्याने शेवटी किल्ली पाठवली, तो जूनमध्ये वारला. त्याची मुलगी मेलबर्नला आहे आणि मुलगा नागपूरला. त्यांची नावे रेकॉर्डवर आणायच्या नव्वद दिवसांपैकी एकोणतीस उरले आहेत, आणि मुलीच्या मुखत्यारपत्राची मी वाट पाहते आहे.