जिप्सी डायरी, भाग 7: एचसी 2400 वरून 410, आणि दोष जेटचा नव्हताच

मंगळवारी दुपारी पीयूसीवाल्याच्या प्रिंटरने कागद बाहेर टाकला. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 1.7 टक्के, एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) 410 पीपीएम. पास. कागद तिथेच तीनदा वाचला, मशीनवरच्या पोराला चहा पाजला आणि परत एकदा वाचला. पोरगं म्हणालं, "काका, लग्नाची पत्रिका असल्यागत काय वाचूलालाव?" त्याला काय सांगू. सात आठवडे गेलेत या दोन आकड्यांत.

भाग 6 च्या शेवटी "आता फक्त पीयूसी राहिली" असं मी लिहून ठेवलं होतं. त्यावरून ज्यांनी ज्यांनी माझी खेचली, त्यांचं खरं झालं.

गाडी तुम्हाला माहीत आहेच. 1998 ची जिप्सी किंग, जी13बीए इंजिन, मूळ कार्ब (कार्ब्युरेटर) काढून वेबर 32/36 कार्ब, खाली चार-दोन-एक हेडर (चार नळ्यांच्या दोन आणि मग एक होणारा एक्झॉस्ट). लातूरला आल्यापासून चाललेली मारामारी मागच्या भागांत आहे. "कॅटॅलिटिक (धूर साफ करणारा कन्व्हर्टर) बसवल्याशिवाय पास होणारच नाही" असं दोघांनी ठासून सांगितलं होतं, तेवढं आधी निकालात काढतो. आपली गाडी बीएस-2 (भारत स्टेज, धुराचे सरकारी निकष) च्या आधीची. तिला सीओ 3 टक्के आणि एचसी 1500 पीपीएमपर्यंत मुभा आहे. 0.5 आणि 750 ही मर्यादा बीएस-2, बीएस-3 वाल्यांची, आणि 0.3 व 200 बीएस-4 पासून पुढच्यांची. म्हणजे परीक्षा पस्तीस टक्क्यांची होती आणि मी त्यातही नापास होत होतो.

पहिल्या टेस्टला सीओ 4.8 आला, एचसी 1150. पेट्रोल जास्त, सरळ दिसत होतं. तुम्ही सगळे एका सुरात म्हणालात की आयडल जेट (गाडी नुसती चालू असताना पेट्रोल सोडणारं भोक) बारीक कर, म्हणून कार्बच्या पहिल्या नळीचा (प्रायमरीचा) 60 नंबरचा काढून 50 चा टाकला. जेट बाहेरूनच बदलतो, दहा मिनिटांचं काम. त्या आनंदात गाडी घेऊन अंबाजोगाईला गेलो, मुकुंदराजांच्या समाधीकडच्या उतारावर खालीवर केली, परत आलो. आठवड्याने दुसरी टेस्ट: सीओ 0.6, एचसी 2400.

इथून खरा तमाशा. मिक्चर स्क्रू (स्लोचं पेट्रोल कमीजास्त करणारा) उघडला की एचसी 1900 वर यायचा आणि सीओ 3.4 वर चढायचा. बंद केला की सीओ खाली, एचसी वर. दोन्ही एकदम मर्यादेत येतील अशी जागा त्या स्क्रूवर नव्हतीच. वेबरला दीड ते अडीच फेऱ्यांत स्लो (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं फिरणं) धरायला हवा. माझा स्क्रू चार फेऱ्या बाहेर होता, तरी गाडी मिसिंग मारत होती.

पुस्तकी नियम मला पाठ होता: सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, एचसी जास्त म्हणजे न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतंय, म्हणजे कुठेतरी मिसफायर (सिलिंडर नीट पेटत नाही). मग करंटच्या मागे लागलो. प्लग बदलले. नामांकित कंपनीच्या डब्यात भलतेच प्लग निघाले, पोर्सिलेनवरची अक्षरं नखाने निघत होती. दुकानदार म्हणाला, कंपनीने छपाई बदललीय! ते परत केले आणि सिकंदराबादच्या राणीगंजमधून मित्राकरवी चार मागवले. आम्हा लातूरकरांना सुट्या भागांसाठी अजूनही पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं वाटतं, निजाम गेला तरी सवय गेली नाही. वायरी नव्या, कॅप नवी. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर फिलरच्या पातळ पानांनी मोजली, इनटेक 0.15 एमएम, एक्झॉस्ट 0.18, जागेवर. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन 165, 160, 165, 155 पीएसआय, या वयाला झक्कास. एचसी मात्र ढिम्म.

तिसऱ्या टेस्टला माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला, त्याचं श्रेय त्या मशीनवरच्या पोराला. कागदावर सीओ आणि एचसीच मोठे दिसतात, पण मशीन चार वायू मोजतं. मी म्हटलं, जरा स्क्रीन फिरव इकडे. ऑक्सिजन 6.5 टक्के, कार्बन डायऑक्साइड 10. धडधाकट कार्बवाल्या गाडीला ऑक्सिजन दीड-दोनच्या आत आणि सीओटू तेराच्या वर पाहिजे. एवढा ऑक्सिजन आला कुठून? एक तर सायलेन्सरच्या जोडातून बाहेरची हवा आत येतेय, नाहीतर इंजिनच जास्तीची हवा पितंय.

आधी सायलेन्सर. ओलं गोणपाट शेपटीवर दाबून धरलं आणि हेडरखाली कान लावला. दुसऱ्या जोडाशी बारीक फुसफुस ऐकू आली. जोड खोलून नवं पॅकिंग टाकलं. शिवाय शेपटी मी हौसेने आखूड कापली होती, त्यामुळे मशीनची नळी पूर्ण आत जात नव्हती, ती फूटभर आत पाहिजे. वेल्डिंगवाल्याकडून तुकडा जोडून घेतला. दिसायला आता ती ट्रॅक्टरची सख्खी बहीण दिसते. ऑक्सिजन 6.5 वरून 5.2. म्हणजे थोडा दोष तिथे होता, सगळा नव्हता.

आता व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणारा काटा. हे हत्यार ज्याच्याकडे नाही त्याने कार्बच्या स्क्रूला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत झालंय. हजाराच्या आतलं गेज जे सांगतं ते पंधरा हजारांचं स्कॅनर या गाडीला सांगूच शकत नाही, कारण स्कॅनरची पिन खुपसायला जागाच नाही. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, त्यामुळे गेज इथे तसंही दोनेक इंच कमी दाखवतं. सतराची अपेक्षा होती. काटा तेरावर, स्थिर. ठिणगीचं टायमिंग दहा अंशावर बरोबर होतं. म्हणजे कुठूनतरी जास्तीची हवा.

चालू गाडीवर एकेक प्लगची वायर काढून बघितली. एक आणि दोनची काढली की इंजिन कोसळतं. तीनची काढली की थोडं हलतं. चारची काढली तर त्याला पत्ताच नाही! प्लग खोलले: एक-दोन काळेकुट्ट, तीन-चार पांढरेफटक. दोन सिलिंडर पेट्रोलने तुडुंब आणि दोन उपाशी. म्हणूनच सीओ-एचसीचा तो झोका. मी स्क्रू उघडून उपाश्यांना घास द्यायला जात होतो आणि पोट भरलेले ओकत होते. सीओ एक-दोनचा, एचसी तीन-चारचा, आणि मशीनला दिसत होती दोन्हींची भेसळ.

आमच्या मेकॅनिक उस्तादांनी नुसतं ऐकूनच सांगितलं होतं, "भाई, गाडी हवा खा री." पण कुठून ते त्यांनाही सापडेना. कार्ब क्लीनरचा फवारा सगळीकडे मारला (फटीवर पडला तर स्लो बदलतो), ब्रेक बूस्टरचा पाइप चिमटून बघितला, मॅनिफोल्डच्या (कार्बमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) कडेने पेट्रोलचा बोळा फिरवायला ते निघाले होते, ते मीच थांबवलं. स्लो जराही हलला नाही.

मग धूर. आत धूर भरला की फट असेल तिथून तो बाहेर दिसतो. दोन किलोचा डालड्याचा जुना डबा, त्यात बेबी ऑइलमध्ये भिजवलेला कापूस, झाकणातून इंडिकाचा जुना हीटर प्लग, एका बाजूने सायकलच्या पंपाची हवा, दुसऱ्या बाजूने नळी थेट मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूम निपलला. कार्बचं तोंड हातमोज्याच्या रबराने बांधलं. हे करणार असाल तर डबा गाडीपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा, टाकीचं झाकण बंद, उघडं पेट्रोल जवळपास नको. हीटर प्लग लाल होतो, त्याला गंमत कळत नाही. अंगणात पांढऱ्या धुराचा लोट उठला तशी आई दारात आली. "धुरी कुणाला देऊलालास रे? बाळंतीण कोण हाय घरात?"

पहिल्या दिवशी काही निघालं नाही. सगळं घट्ट. कपाळाला हात लावून बसलो आणि मूळ कार्ब शोधायला माळ्यावर चढलो. तोच बसवून पास करायचं, मग वेबर परत, असं तुमच्यापैकी निम्मे करतात हे मला माहीत आहे. मलाही मोह झाला. पण सहा महिन्यांनी पुन्हा तेच, आणि मधल्या काळात गाडी खोटी, हे पटेना.

माळ्यावरच सुचलं. टेस्ट होते गरम इंजिनावर, आणि मी धूर सोडला थंड इंजिनात. दुसऱ्या दिवशी गाडी बार्शी रोडला वीस मिनिटं पळवली, बंद केली, लगेच नळी जोडली. आणि दिसलं. वेबर मूळ मॅनिफोल्डवर बसावा म्हणून कार्बच्या खाली अडॅप्टरच्या दोन प्लेटा आहेत ना, त्यांच्या मधल्या सांध्यातून, चार नंबरच्या बाजूने, केसाएवढी पांढरी रेघ वर चढत होती. पाच-सहा सेकंद मी नुसता बघत राहिलो.

वेबर उचलला. वरची प्लेट खालच्या प्लेटला चार अ‍ॅलन बोल्टांनी बसते, आणि कार्ब बसला की ते बोल्ट त्याच्याखाली झाकून जातात. त्यातले मागचे दोन मी बोटाने फिरवले. हाताच्या बोटाने! पट्टी उभी धरून फिलर घातला तर मधे 0.15 चं पान सहज गेलं. अ‍ॅल्युमिनियम तापलं की वाकायचं आणि फट उघडायची, थंड झालं की तोंड मिटून बसायचं. फवारा तिथे पोचणंही शक्य नव्हतं, वर कार्ब आणि बाजूला एअर क्लीनरचा ब्रॅकेट. बोल्ट ढिले झाले ते बहुतेक त्या अंबाजोगाईच्या फेरीत. आणि मी नेमका त्याच आठवड्यात जेट बदललेला, म्हणून सगळा आळ जेटवर.

काचेच्या जाड तुकड्यावर 220 चा पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून, आठच्या आकड्यात प्लेट घासत बसलो. कडेला चकाकी आणि मधे करडा डाग, असं सुरुवातीला दिसतं. डाग आक्रसत जातो. दीड तासाने शेंगदाण्याएवढा उरला, मग 400 चा पेपर, मग गेला. सात आठवड्यांतला सगळ्यात सुखाचा दीड तास. नवं पॅकिंग घरीच कापलं, बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून निळं थ्रेडलॉक, तिरप्या क्रमाने आवळले.

व्हॅक्यूम तेरावरून सतरा!

मग पहिल्या टेस्टला सीओ 4.8 का, हा प्रश्न उरलाच होता. स्लो चढत नाही म्हणून मी स्पीड स्क्रू (थ्रॉटल थोडा उघडा धरणारा) तीन फेऱ्या आत मारला होता. वेबरला दीड फेरीच्या पुढे गेलात की थ्रॉटलची पाकळी ट्रान्झिशनची (स्लोवरून वेग घेतानाच्या पेट्रोलची) भोकं उघडी पाडते, आणि तिथून येणारं पेट्रोल मिक्चर स्क्रूच्या हुकमात नसतं. स्पीड स्क्रू एका फेरीवर आणला आणि 50 चा जेट काढून पुन्हा 60. आताचं पेट्रोल ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे हे मी विसरलोच होतो. शुद्ध पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साडेतेराच्या आसपासच. म्हणजे त्याच जेटवर गाडीला आपोआप पेट्रोल कमी पडतं. अशा वेळी बारीक जेट टाकणं हा उलटा उपाय होता. आपल्याच लातूर-धाराशिवच्या उसाच्या इथेनॉलने मला हिसका दिला म्हणायचं. (ई20 साठी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या का नाही, ते ज्याने त्याने बघावं. माझ्या फुगल्या होत्या, बदलल्या.)

मिक्चर स्क्रू दोन फेऱ्यांवर स्थिरावला, स्लो 850. टेस्टला जाताना पोटात गोळा होताच, पीयूसी काढायला जाताना पीयूसी नाही म्हणून पकडलं तर काय उत्तर देणार. स्टेपनीचं कॅरिअर नंबरप्लेटवर येत होतं म्हणून फोटो निघेना, तेही तिथेच खोलावं लागलं. ऑक्सिजन 1.6, सीओटू 13.3. हे दोन आकडे मी कागदावरच्या दोनपेक्षा जास्त प्रेमाने वहीत लिहिलेत.

आता पुढचं. हेडरवर ऑक्सिजन सेन्सरसाठी बंग (आट्यांची बसकी) वेल्ड करून मीटर लावायचा, असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की चारही एकत्र येतात तिथे सेन्सर लावला तर मला पुन्हा भेसळच दिसेल. त्यापेक्षा चारही नळ्यांना बारीक बंग, बोल्टने बंद, आणि लागेल तसा सेन्सर फिरवायचा? कुणी केलंय का? पण त्याआधी दोन प्लेटांचा हा प्रकारच नको. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे 20 एमएमची अ‍ॅल्युमिनियमची पाटी पडून आहे, एकसंध अडॅप्टर कापून घेतो. झाकलेला बोल्ट नाही, सांधा नाही. ज्यांच्याकडे हेच किट आहे त्यांनी येत्या रविवारी कार्ब उचलून ते चार बोल्ट बघाच.

मेन जेटवर (वेगात पेट्रोल देणाऱ्या) तिसऱ्या गिअरला अजून एक गचका आहे, पण तो आता येळवस (आमच्याकडची वेळ अमावास्या, शेतात जेवायचा सण) झाल्यावर. पंधरा दिवस राहिलेत. भज्जी-आंबिलीचा डबा घेऊन शेतात जिप्सीतूनच जायचं असं आईला कबूल केलंय. ती म्हणते येईन, पण गाडीतला बेबी ऑइलचा वास आधी घालव.