तीन वर्ग, एक खोली आणि तांदळाची वही : माझा अनुभव

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळा पहिली ते सातवी, शिक्षक चार. 2023 च्या जूनमध्ये मुख्याध्यापक सरांनी चहा पिता पिता सांगून टाकलं की यंदा पाचवी, सहावी, सातवी तुमच्याकडं. म्हणलं तिन्ही? तर म्हणे पट किती आहे, एकतीस, शहरात एकेका वर्गात साठ असतात. आता काय बोलणार, साठ असली तरी ती एका पुस्तकाची असतात ना, माझी एकतीस तीन पुस्तकांची होती. पण सरांकडंही पहिली-दुसरी आणि वरून सगळी ऑनलाइन माहिती भरायची, त्यामुळं बरं म्हणलं आणि वर्गात गेलो.

पहिली चूक म्हणजे वेळापत्रक. मोठ्या ड्रॉइंग शीटवर स्केचपेननं आठ तासिका, तीन रकाने, असं झकास काढून भिंतीला लावलं. ते तीन आठवडे टिकलं. सातवीला पूर्णांकांचा गुणाकार समजावत असलो की पाचवी दहा मिनिटांत उदाहरणं उरकून "सर झालं, सर झालं" करायची आणि सहावी स्वतःचं सोडून सातवीच्या फळ्याकडं बघत बसायची. जुलैत तो चार्ट काढला, मागच्या कोऱ्या बाजूला पोरांनी महाराष्ट्राचा नकाशा काढला, तेवढाच उपयोग झाला त्याचा.

मग हळूहळू असं बसलं की गणित आणि इंग्रजी वर्गानुसार वेगळं, आणि बाकी जेवढं एकत्र घेता येईल तेवढं एकत्र. पाचवीला परिसर अभ्यास, सहावी-सातवीला सामान्य विज्ञान, पण पाणी, माती, अन्न हे विषय फिरून फिरून तेच येतात, मग परसबागेत एकदम सगळ्यांना घेऊन जायचं, पाचवीनं नुसतं निरीक्षण लिहायचं, सातवीनं कारण लिहायचं. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत आहे, तर ग्रामसभेला सगळ्यांनाच नेलं. तिथं एका पोरानं सरपंचांना शाळेच्या नळाचं विचारलं आणि नळ चार दिवसात दुरुस्त झाला, जे मी अर्ज देऊन दोन महिन्यांत करू शकलो नव्हतो!

ऑगस्टमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेतली. दरवर्षी हे नावापुरतं असतं, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, संपलं. मी ठरवलं की प्रत्येक मंत्र्याला खरंखुरं काम द्यायचं. आहारमंत्री झाली सातवीतली एक मुलगी, नाव नको, अबोल पण हिशोबाला पक्की. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धरतात. ती सकाळी सगळ्या वर्गांची हजेरी घेऊन यायची आणि वहीत मांडायची, म्हणजे खालचे 58 तर 5.8 किलो, वरचे 17 तर 2.55 किलो, एकूण 8.35, की मग स्वयंपाकाच्या मावशी तेवढं मोजून घेणार. पहिल्या दिवशी तिनं 5.8 आणि 2.55 ची बेरीज 3.13 केली, दशांश चिन्हाखाली चिन्ह न घेता आकडे सरळ उजवीकडून एकाखाली एक मांडले होते. मावशी म्हणल्या, अगं एवढ्यात तर खालचीबी पोरं जेवायची न्हाईत. ती हसली, खोडलं, परत मांडलं. त्यानंतर सातवीला दशांश अपूर्णांकांच्या बेरजेचा सराव मला वेगळा घ्यावा लागला नाही, रोजच्या रोज सगळे तिची वही तपासायला टपलेले असायचे.

एक भांडण मात्र कायम होतं. पाचवी बसते आमच्याच खोलीत, कामं आमच्याएवढीच करते, मग तांदूळ 100 ग्रॅमच का? नियम आहे म्हणून सांगितलं. पाचवीला ते काही पटलं नाही.

दसरा झाला आणि गावात मुकादमांच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्यांच्या, चकरा सुरू झाल्या. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, त्यामुळं दिवाळी झाली की टोळ्या निघणार, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. आमच्याकडं वरच्या वर्गाचं खरं वर्ष म्हणजे जून ते दिवाळी, पुढं किती पोरं उरतात त्यावर सगळं. बारकी पोरं तर आईबापासोबत जातातच, पण मोठ्या पोरी जास्त जातात, कारण कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, भावंडं सांभाळायला आणि भाकरी थापायला कुणीतरी लागतं. हंगामी वसतिगृह मंजूर करून घ्यायला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पालकांची यादी, हमीपत्रं, त्यात माझा ऑक्टोबर गेला. आमच्याकडं पोरं रात्री आजी-आजोबांकडं झोपायची आणि दोन वेळचं जेवण वसतिगृहाचं, एवढ्यावर नऊ घरं पोरं ठेवायला तयार झाली.

आहारमंत्रीच्या घरी मी तीनदा गेलो. तिची आजी म्हणली, "गुरुजी, मला दिसत न्हाई नीट, मी हिला संभाळू का हिनं मला?" वडील काहीच बोलले नाहीत, नुसते जमिनीकडं बघत होते. आई म्हणली, बारक्याला कोण बघणार. यावर माझ्याकडं काही नव्हतं, खरंच नव्हतं. टेम्पो भरायच्या आदल्या दिवशी मी तिला शिक्षण हमी पत्रक भरून दिलं, म्हणलं कारखान्याजवळ जी शाळा असेल तिथं हे दाखव, ते तुला बसवून घेतील. तिनं ते दप्तरात ठेवलं आणि तांदळाची वही सहावीतल्या एका पोराच्या हातात दिली.

आता या पोराविषयी सांगायलाच पाहिजे. जानेवारीत आम्ही आनंद बाजार भरवला, त्यात ह्यानं भजी विकली. दहाला एक प्लेट, 14 प्लेटी, 140 रुपये. वहीत लिहिलं खरेदी 20 (द्रोण), विक्री 140, नफा 120, आणि कॉलर ताठ करून फिरायला लागला. पाचवीतल्या एका पोरीनं विचारलं, बेसन कुठंय? म्हणला घरचंच होतं. तेल? घरचंच. मग घरी काय फुकट येतं का रे? झालं, सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडला. अर्धा किलो बेसन 50, तेल 60, कांदे 15, द्रोण 20, बेरीज 145. पोरगं पाच रुपये तोट्यात! "सर, अजून मजुरी तर धरलीच न्हाई," असं मागून कुणीतरी म्हणलं. सहावीच्या पुस्तकातला नफा-तोटा मी आधी चार दिवस शिकवला होता तेव्हा कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात सांगतो कारण त्यात सांगण्यासारखं मी फार काही केलं नाही. तेव्हा पाचवीची परीक्षा फेब्रुवारीत असायची, दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण, दीड तास. त्याआधी जानेवारीत नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा. डिसेंबरपासून रोज शाळेआधी तासभर पाचवी, शनिवारीही पाचवी, गोल काळे करायचा सराव, घड्याळ लावून पेपर. बारापैकी दोघं पात्र झाले. पण त्या तीन महिन्यांत सहावी-सातवीला मी वाऱ्यावर सोडलं, हे कबूल करतो. त्या वर्षी सहावी-सातवीला शिष्यवृत्ती नव्हती, वरून कुणी विचारत नाही, त्यामुळं हे वर्ग आपोआप मागं पडतात. वेळापत्रकात नाही पडत, मास्तरच्या डोक्यात पडतात.

मार्चमध्ये मुख्याध्यापक सरांनी साठा तपासला तर हजेरीच्या हिशोबानं तांदूळ बारा किलो कमी. वहीत रोजची बेरीज बरोबर, पोतं हलकं. आम्ही दोघं दोन दिवस डोकं धरून बसलो. खरं सांगायचं तर मी मावशींकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं, तोंडानं काही बोललो नाही, पण बाईला कळतंच की.

त्याच आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, आणि टोळी परत आली. आहारमंत्री दुसऱ्याच दिवशी शाळेत, उन्हानं रापलेली, हाताला फोड. हमी पत्रक तिनं मला परत दिलं, चार घड्या घातलेलं, आणि आतला तिथल्या शाळेनं भरायचा रकाना कोराच्या कोरा. शाळा कोपीपासून लांब होती म्हणली, आणि बारका. मी पुढं काही विचारलं नाही. तिनं तांदळाची वही मागितली आणि मधल्या सुट्टीत बसून नोव्हेंबरपासूनची पानं उलटली.

"सर, ह्यानं पाचवीला दीडशे धरलंय."

सलग नाही, मधले मधले वीस दिवस. बारा पोरं, प्रत्येकी 50 ग्रॅम जादा, म्हणजे दिवसाला 600 ग्रॅम, वीस दिवसांचे बारा किलो. पोराला बोलावलं तर मान खाली, म्हणला पाचवीच्यांनी लई पिडलं होतं, आणि ज्या दिवशी त्यांची चाचणी असायची त्याच दिवशी धरायचो. मला हसू आवरेना आणि सरांसमोर हसताही येईना.

मावशींना जाऊन सांगितलं. त्या भांडी घासत होत्या, वर न बघताच म्हणल्या, "मला म्हाईत होतं. मोजून मीच देत हुते ना."

ती एप्रिलमध्ये सातवीचा पेपर देऊन गेली, पुढं आठवीला सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलला एसटीनं जायला लागली, दिवाळीपर्यंत तरी. माझ्याकडं पुढच्या जूनलाही तेच तीन वर्ग आले. हमी पत्रकं आता मी ऑक्टोबरच्या आधीच भरून ठेवतो, मागं माझा मोबाईल नंबर लिहितो आणि टोळी जिथं जाणार तिथल्या शाळेच्या मास्तरचा नंबर मुकादमाकडून आधी काढून घेतो. गेल्या हंगामात दोन पत्रकं शिक्का मारून परत आली.