मधलं पान

फोन उचलला तशी अण्णांनी नमस्कारसुद्धा केला नाही. "साहेब, औषध बोगस निघालं. गव्हात गुल्लीदंडा जसाच्या तसा उभा आहे."

गुल्लीदंडा म्हणजे गव्हात उगवणारं, गव्हासारखंच दिसणारं तण, आणि औषध म्हणजे तणनाशक. अशा तक्रारी दर हंगामात येतात आणि खरं सांगायचं तर पहिला संशय मी शेतकऱ्यावरच घेतो. तण तीन-चार पानांवर असताना मारायचं ते फुटवे फुटल्यावर मारलेलं असतं, नाहीतर रान कोरडं ठणठणीत असताना. कधी रुंद पानांच्या तणासाठी त्याच टाकीत 2,4-डी ओतलेलं असतं, आणि ते मिसळलं की गवतावरच्या औषधाचा जोर मारला जातो. कधी नोझल इतकं झिजलेलं असतं की एका ओळीवर आंघोळ आणि दुसरी कोरडी. गाडीत बसतानाच माझं निदान तयार होतं. अण्णांना काय काय ऐकवायचं त्याची उजळणीही झाली होती.

शेतात गेल्यावर ती फुकट गेली. पंपाला पंखाकृती फवारा देणारं नोझल होतं, तेही याच वर्षी बदललेलं. पेरणीनंतर 32 व्या दिवशी, पाणी दिल्यानंतर पाय ठरेल इतका वापसा आल्यावर फवारणी. सोबत काही मिसळलेलं नाही. औषध क्लोडिनाफॉप, गवतवर्गीय तणावरचं, आणि मात्रा हेक्टरी 60 ग्रॅमच्या हिशेबाने बरोबर. "पाणी किती वापरलंत?" हा माझा शेवटचा बाण होता, तोही वाया गेला.

मग गव्हात शिरलो. फवारणीला तीन आठवडे झाले होते. फवारणी चुकली की तण पट्ट्यापट्ट्यांनी वाचतं, पंप घेऊन चालणाऱ्याच्या पावलांचा हिशेब रानावर उमटतो. इथे तसं काही नव्हतं. वाचलेलं तण एका लांबट चट्ट्यात दाट होतं आणि पुढे विरळ होत गेलेलं. चट्ट्याची लांबी कापणीयंत्र चालतं त्या दिशेने, आणि सुरुवात यंत्र वावरात शिरतं त्या कोपऱ्यापासून. रानओट, हे दुसरं गवतवर्गीय तण, मात्र सगळीकडे पिवळा पडून बसला होता. म्हणजे औषध पडलं होतं, आणि ते बोगसही नव्हतं.

उकिडवा बसलो. कोवळ्या गुल्लीदंड्यात आणि गव्हात नवख्या माणसाची फसगत होते, पण बुडाशी पाहिलं की कळतं. गुल्लीदंड्याचं बूड लालसर असतं, आणि गव्हाच्या पानाच्या देठाशी खोडाला मिठी मारणारे जे दोन छोटे कान असतात ते याला नसतात. असं एक मेलेलं रोप धरलं आणि मधलं पान हलकेच वर ओढलं. लोण्यातून सुरी निघावी तसं ते निघून आलं, टोक तपकिरी, सडलेलं. या गटातल्या औषधांची ही खूण. ती गवतात चरबी तयार करणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतात, नवीन पेशींना आवरण मिळत नाही आणि वाढता कोंब आतल्या आत कुजतो. बाहेरची पानं बरेच दिवस हिरवी राहून आपल्याला फसवतात.

त्याच्यापासून चार बोटांवर दुसरं रोप. तीच उंची, तेवढीच पानं, वर गव्हाचा आडोसाही नाही. मधलं पान ओढलं. निघालं नाही. जोर लावला तर अख्खं रोप मुळासकट हातात आलं, कोंब पांढरा स्वच्छ. तिसरं, चौथं, दहावं ओढून पाहिलं. मेलेलं आणि जिवंत शेजारी शेजारी, मधल्या अवस्थेतलीही काही. अण्णा मागे उभे राहून बघत होते. "काय साहेब, उपटून काढायला आलात का?"

"अण्णा, वही आहे का?"

अण्णांकडे वही असतेच. बांधावर बसून मागची चार वर्षं काढली. पहिल्या दोन वर्षी क्लोडिनाफॉप. तिसऱ्या वर्षी फेनॉक्साप्रॉप. या वर्षी परत क्लोडिनाफॉप, आणि दहा दिवसांनी फरक दिसेना म्हणून चट्ट्यावर पिनॉक्साडेनची दुसरी फवारणी (हे मला फोनवर सांगितलं नव्हतं). आणि तिसऱ्या वर्षाच्या पानावर कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं: साहेब म्हणाले औषध बदला.

मी म्हणालो होतो. कोणत्या तरी शिबिरानंतर, गाडीत एक पाय ठेवून. आणि अण्णांनी ऐकलं होतं. खोका बदलला, रंग बदलला, नाव बदललं, किंमतही बदलली. पण ही तिन्ही औषधं त्याच एका विकरावर जाऊन बसतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिघांचा गट एकच, गट 1. तणाच्या दृष्टीने अण्णांनी चार वर्षांत काहीच बदललं नव्हतं. जी थोडी रोपं मुळातच या औषधाला दाद देत नव्हती, ती दरवर्षी मागे राहिली, त्यांनी बी टाकलं आणि कापणीयंत्राने ते पुढे ओढत नेलं.

जास्त टोचलं ते हे की या तणाचा इतिहास मी स्वतः शिबिरांत सांगतो. आयसोप्रोट्युरॉन या एकाच तणनाशकावर वर्षानुवर्षं विसंबलेल्या हरियाणा-पंजाबच्या गव्हात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हाच गुल्लीदंडा, म्हणजे फॅलॅरिस मायनर, त्या औषधाला पुरून उरला. काही शेतकऱ्यांनी गहू हिरवाच कापून जनावरांना घातला. मग त्या दशकाच्या शेवटी क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन आली आणि काही वर्षांत त्यांनाही तोच अनुभव आला. हे सगळं पडद्यावर चित्रं दाखवून सांगणारा मी, अण्णांना मात्र "औषध बदला" एवढंच बोलून मोकळा झालो होतो.

तरी नुसत्या पाहणीवर बोलायचं नाही म्हणून चट्ट्यातली जिवंत रोपं मुळासकट काढून नेली. जोडीला एका पडीक तुकड्यातली, जिथे कधीच तणनाशक पडलेलं नाही, तिथली रोपं. शेंडे छाटून कुंड्यांत लावली, नवीन पान आल्यावर फवारली: काहींवर काहीच नाही, काहींवर नेहमीची मात्रा, काहींवर दुप्पट, काहींवर चौपट. पडीकातली रोपं नेहमीच्या मात्रेलाच गेली. अण्णांची नेहमीच्या मात्रेत ढिम्म हलली नाहीत, दुपटीला जरा पिवळी पडून सावरली, चौपटीला काही मेली आणि काहींना बुडातून नवे फुटवे आले. वेगळ्या कुंड्यांत पिनॉक्साडेन मारलं, त्यालाही बरीचशी तरली.

चौपट मारून बघू का, असं अण्णांनी विचारलं होतंच. पण चौपटीलाही वाचणारी रोपं कुंडीतच दिसत होती, आणि तोवर गव्हालाही ते सोसलं नसतं. गव्हाची गंमत अशी की क्लोडिनाफॉप त्यालाही मारू शकतं. गहू ते पोटात फोडून निकामी करतो आणि हे काम वेगाने व्हावं म्हणून त्याच औषधात गव्हासाठी एक संरक्षक घटक घातलेला असतो. काही गुल्लीदंड्यांना हीच पचवण्याची युक्ती साधलेली असते. काहींत औषध बसायची जागाच बदललेली असते. यातलं अण्णांकडे नेमकं कोणतं, हे कुंडी सांगत नाही. पण पचवणारं तण असेल तर कधीच न वापरलेल्या दुसऱ्या गटाचं औषधही ते पचवू शकतं, म्हणून "पुढच्या वर्षी सल्फोसल्फ्युरॉन मारा" हे उत्तर माझ्या तोंडातून निघेना.

निकाल घेऊन गेलो तेव्हा गुल्लीदंड्याच्या लोंब्या गव्हाच्या वर डोकावत होत्या. ऑस्ट्रेलियात कापणीयंत्राच्या मागेच तणाचं बी भरडून टाकतात, त्याबद्दल अण्णांनी कुठेतरी पाहिलं होतं. पण तिथलं रायगवत बरंचसं बी कापणीपर्यंत लोंबीत धरून ठेवतं. गुल्लीदंडा शेंड्याकडून बी गाळायला लागतो, गहू कापणीला येण्याआधीच. कापणीपर्यंत थांबायचं म्हणजे पुढच्या काही वर्षांचं तण आपल्या हाताने पेरायचं.

विरळ भागातलं उपटून घ्यायचं, त्यावर एकमत झालं. चट्ट्याचं काय? तिथे उपटायला गेलं तर गहूच मागे राहत नव्हता. मी म्हणालो, "हिरवा कापा. गव्हासकट." अण्णा बराच वेळ चट्ट्याकडे बघत राहिले. लोंबीत दूध भरलेला गहू कापा म्हणणं सोपं नाही, आणि ते मी म्हणावं हे तर त्याहून अवघड होतं.

"आणि पुढच्या वर्षी?"

पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यात गहूच नको, वारंवार कापता येईल असं चाऱ्याचं पीक घ्या. गहू पुन्हा येईल तेव्हा आधी पाणी देऊन तण उगवू द्या, ते वखरून मारा आणि मगच पेरा. पेरताच पेंडीमिथॅलिन, म्हणजे उगवणीआधी मारायचं तणनाशक, ओल असतानाच. कापणीयंत्र या कोपऱ्यातून आत घ्यायचं नाही, इथून बाहेर काढायचं, आणि झाडून. हे सगळं या वेळी बांधावर बसून लिहून दिलं, प्रत्येक औषधाच्या नावापुढे गटाचा आकडा घालून. अण्णांनी वही घेतली, "औषध बदला" वाल्या पानावर काट मारली नाही, नवीन पान त्याच्या समोरच येईल अशी वही दुमडली आणि मुलाला हाक मारली. "विळे घेऊन ये रे. दोन आण."

दुसरा विळा माझ्यासाठी होता. संध्याकाळपर्यंत कापत होतो.