भट्टी तापली की रीडिंग नाचायचं

९०० अंशांपर्यंत भट्टीच्या ट्रेंडची, म्हणजे तापमानाच्या आलेखाची, रेघ कशी सरळ चढायची. ११०० ओलांडले की रीडिंग नाचायला लागायचं: दहा-बारा अंश वर, लगेच तेवढंच खाली. भट्टी विजेवरची, सिलिकॉन कार्बाइडचे एलिमेंट (तापणारे दांडे), तापमान मोजायला प्लॅटिनमच्या तारांचं आर टाइप थर्मोकपल. रात्रपाळीने थर्मोकपल बदलून पाहिलं होतं, नवंही तसंच नाचत होतं. तरी सकाळी स्टोअरमधून आणखी एक मागवायचं घाटत होतं. रीडिंग बिघडलं की पहिला आळ सेन्सरवर, ही सगळीकडचीच रीत.

मी आधी ट्रेंड मोठा करून पाहिला. टनावारी विटांचं धूड सेकंदा-दोन सेकंदांत दहा अंश हलेल, हे शक्यच नव्हतं. मग पॅनेलवरच्या अँपिअरमीटरकडे लक्ष गेलं. काटा वर गेला की रीडिंग उडी मारायचं, काटा पडला की तेही पडायचं. कंट्रोलर त्या खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून हीटर कमी-जास्त करत होता, त्यामुळे गोंधळ आणखी वाढत होता.

"हीटर जरा बंद करता का?" मी ऑपरेटरला विचारलं.

"साहेब, टेम्परेचर पडेल."

"पडू दे थोडं."

हीटर बंद झाला आणि रेघ जागच्या जागी शांत. हळूहळू उतरत होती, पण धारदार. पुन्हा चालू केला, पुन्हा नाच. म्हणजे हीटरची वीज कुठून तरी थर्मोकपलच्या तारांत शिरत होती.

इलेक्ट्रिशियनला हे पटेना. "कालच मेगर मारलाय, सगळं उत्तम दाखवत होतं." मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण त्याने मेगर मारला तेव्हा भट्टी थंड होती. थंड असताना अ‍ॅल्युमिनाची नळी आणि भट्टीच्या विटा चांगल्या इन्सुलेटर असतात. हजार अंशांच्या वर त्यांचा रोध कित्येक पटींनी घसरतो. मग एलिमेंटमधून वीट, विटेतून नळी, नळीतून तार असा विजेला रस्ता मिळतो. भट्टी गार झाली की रस्ता बंद, आणि तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही.

थर्मोकपलच्या टर्मिनलपासून अर्थिंगपर्यंत व्होल्टेज मोजलं, हातमोजे घालून आणि सांभाळूनच, कारण तिथे मिलिव्होल्टच असणार असं धरून कुणी बोट लावायचं. हीटर चालू असताना मीटरने चाळीसच्या आसपास एसी व्होल्ट दाखवले. आर टाइप या तापमानाला अंशामागे जेमतेम १३ मायक्रोव्होल्ट देतं, त्यात हे पाहुणे!

पण भट्टी जुनी, विटाही त्याच, मग आत्ताच का? उत्तर पॅनेलमध्ये होतं. गेल्या शटडाउनमध्ये थर्मोकपलच्या तारा जिथे येतात ते इनपुट कार्ड बदललं होतं. जुन्या कार्डात प्रत्येक चॅनेल वेगळा आयसोलेट केलेला, म्हणजे विजेच्या दृष्टीने इतरांपासून तोडलेला होता. त्यामुळे दोन्ही तारा मिळून कितीही वर उचलल्या गेल्या, तरी त्याला फक्त त्यांच्यातला फरक दिसायचा. नव्या कार्डात सगळ्या चॅनेलचं निगेटिव्ह आत एकच. भट्टीच्या एका झोनच्या (भागाच्या) थर्मोकपलमधून आलेली विजेची गळती कार्डातून दुसऱ्या झोनच्या तारेत उतरायची, आणि वाटेतल्या तारेच्या रोधावर पडलेलं व्होल्टेज कार्ड तापमान म्हणून मोजायचं.

कार्ड लगेच मिळणार नव्हतं. तोवर प्रत्येक झोनला आयसोलेटेड ट्रान्समीटर बसवले, म्हणजे रीडिंग पुढे जातं, पण विजेची थेट जोडणी राहत नाही. केबलची शील्ड (तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेली होती, ती फक्त पॅनेलच्या बाजूला ठेवली. संध्याकाळी भट्टी ११५० वर गेली आणि रेघ सरळ राहिली. तिसरा झोन मात्र अजून एक-दोन अंश थरथरत होता. तिथे जंक्शन बॉक्समधला स्क्रूच ढिला निघाला.

काढलेली थर्मोकपल कॅलिब्रेशनला पाठवली, सगळी चांगली निघाली. प्लॅटिनमचा माल, स्टोअरवाला खूश. कार्डाच्या खरेदीत आता "चॅनेल-टू-चॅनेल आयसोलेशन" ही अट घातली आहे. ती घालताना, ही नसेल तर कार्ड स्वस्त पडेल, असं सांगणारं कुणीतरी भेटलंच.