पेन्सिलीने लिहिलेली तारीख

5 डिसेंबर 2020, शनिवार. नागोयाहून टोकियोला निघालेल्या नोझोमी या बुलेट ट्रेनच्या माझ्या डब्यात जेमतेम बारा-तेरा माणसे होती. नोकरीनिमित्त जपानात राहू लागल्यापासून मी या गाडीने अनेकदा गेलो आहे, पण शनिवारी सकाळी इतका मोकळा डबा कधी पाहिला नव्हता. जावे की जाऊ नये, याविषयी आदल्या रात्रीपर्यंत माझे मन द्विधा होते. सरकारची ‘गो टू ट्रॅव्हल’ योजना ऑक्टोबरपासून टोकियोलाही लागू झाली होती आणि मुक्कामाच्या खर्चात 35 टक्के सूट व वर 15 टक्क्यांची कूपने मिळत होती. त्याच वेळी साथीची तिसरी लाटही चढत होती. सवलतीच्या मोहाने मी निघालो हे मान्य करायला हवे, आणि त्याची टोचणी पावणेदोन तासांच्या त्या प्रवासात माझ्या सोबत होती.

गाडीत वाचायला घेतलेल्या वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर ऑलिम्पिकची बातमी होती. पुढे ढकललेल्या स्पर्धेचा वाढीव खर्च कोणी किती उचलायचा, यावर आदल्याच दिवशी तिन्ही पक्षांचे एकमत झाले होते. एकूण 29,400 कोटी येन. त्यातले 12,000 कोटी टोकियो महानगराचे, 10,300 कोटी आयोजन समितीचे आणि उरलेले 7,100 कोटी केंद्र सरकारचे. एक वर्ष थांबण्याची ही किंमत. मी ज्या लोहमार्गावरून चाललो होतो, तो 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी घाईघाईने पूर्ण केलेला. 1 ऑक्टोबरला पहिली शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावली आणि 10 ऑक्टोबरला स्पर्धेचे उद्घाटन झाले. त्याहीआधी 1940 चे यजमानपद या शहराला मिळाले होते आणि युद्धामुळे 1938 मध्ये ते परत करावे लागले होते. ऑलिम्पिकसाठी धावपळ करणे आणि ऑलिम्पिक हातचे जाणे, हे दोन्ही टोकियोने आधी अनुभवले होते. सगळी तयारी पूर्ण करून वर्षभर थांबण्याचा प्रसंग मात्र या शहरावर, किंबहुना कोणत्याही ऑलिम्पिक शहरावर, पहिल्यांदाच आला होता.

टोकियो स्थानकाच्या मारुनोउची बाजूला, लाल विटांच्या जुन्या इमारतीसमोर, उलटी गणती दाखवणारे ते घड्याळ उभे होते. ऑलिम्पिकला 230 दिवस, पॅरालिम्पिकला 262 दिवस. मार्च महिन्यात, 24 तारखेला स्पर्धा लांबणीवर पडल्याचे जाहीर झाले तेव्हा या घड्याळावर 122 दिवस उरलेले होते. त्यानंतर काही दिवस ते नुसती चालू तारीख आणि वेळ दाखवत राहिले आणि नवी तारीख ठरल्यावर पुन्हा मोठ्या आकड्यावरून मोजू लागले. स्पर्धेचे नाव मात्र ‘टोकियो 2020’ असेच राहिले. आपल्याकडे घरात सुतक आले म्हणून लग्न पुढे जाते आणि छापून ठेवलेल्या पत्रिका जुन्याच तारखेसह वाटाव्या लागतात, तसे मला ते नाव वाचताना वाटले. राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची गिंकोची झाडे पिवळीधमक झाली होती आणि एक सफाई कर्मचारी घड्याळाच्या चौथऱ्याभोवती पडलेली पाने एकेक करून चिमट्याने उचलत होता. घड्याळाकडे मान वर करून पाहणारा त्या वेळी मी एकटाच होतो.

हॉटेलविषयी थोडक्यात सांगतो. ऑलिम्पिकच्या पाहुण्यांसाठी बांधलेली ती कोरी करकरीत इमारत होती आणि माझ्या मजल्यावर माझ्याशिवाय कोणी दिसले नाही. साथीचे कारण सांगून न्याहारीची खोली बंद ठेवली होती आणि दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीत थंडगार भाताचा गोळा व रसाची एक डबी मिळाली. जपानी आतिथ्याचे मी वर्षानुवर्षे मनापासून कौतुक करत आलो आहे, म्हणूनच ती पिशवी मला खटकली.

राष्ट्रीय क्रीडागाराला मी बाहेरून प्रदक्षिणा घातली. वास्तुरचनाकार केंगो कुमा यांनी त्याच्या छज्जांसाठी जपानच्या सर्व 47 प्रांतांतले लाकूड वापरले आहे, आणि ज्या दिशेला जो प्रांत, त्या दिशेलाच त्या प्रांताचे लाकूड बसवले आहे. मी राहतो त्या आयची प्रांताच्या फळ्या शोधाव्यात अशी माझी इच्छा होती. पण कुंपणाबाहेरून कोणती फळी कुठली हे ओळखणे शक्य नव्हते. समोरच्या ऑलिम्पिक संग्रहालयात ग्रीसहून आणलेली ज्योत 1 नोव्हेंबरपर्यंत लोकांना पाहायला ठेवली होती. मी पोहोचलो तेव्हा ती तिथून हलवून महिना उलटला होता.

हारुमीला मात्र मी बराच वेळ रेंगाळलो. समुद्रात भर घालून तयार केलेल्या त्या जमिनीवर खेळाडूंसाठी 21 निवासी इमारती बांधून तयार होत्या. 18,000 खाटांची सोय असलेले हे गाव कुंपणाआड निश्चल उभे होते. कुंपणाबाहेरच्या पदपथावर उभे राहून वर पाहिल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही, की एकाही सज्जात कपडे वाळत घातलेले नव्हते. जपानात उन्हाचा दिवस असो वा नसो, वस्तीच्या इमारतीवर गाद्या, टॉवेल, मुलांचे मोजे लोंबताना दिसतातच. माणसे राहत असल्याची तीच खूण. इथे मजल्यामागून मजले रिकाम्या दांड्या आणि पडदे नसलेल्या काचा. स्पर्धेनंतर या इमारतींची डागडुजी करून, त्यात दोन उंच मनोऱ्यांची भर घालून एकूण 5,632 घरे होणार होती आणि त्यांतली 4,145 विक्रीसाठी होती. स्पर्धा लांबण्यापूर्वीच अनेक कुटुंबांनी इसार देऊन घरे घेतली होती. 2023 च्या मार्चमध्ये मिळायचा ताबा स्पर्धेबरोबर सुमारे वर्षभर पुढे गेला. घर बदलण्याचा निर्णय मुलांच्या शाळेशी, आईवडिलांच्या दुखण्याखुपण्याशी, चालू घराच्या भाडेकराराशी बांधलेला असतो. त्या कुटुंबांची नावे कोणत्याही समारंभात घेतली जाणार नव्हती, पण स्पर्धेसाठी थांबणाऱ्यांत त्यांचाही वाटा होता, असे मला तिथे उभे असताना प्रकर्षाने वाटले.

संध्याकाळी ओदाइबाच्या किनाऱ्यावर गेलो. 15.3 मीटर उंच आणि 32.6 मीटर रुंद अशी ऑलिम्पिकची पाच कडी पाण्यावर तरंगत होती. ऑगस्टमध्ये तपासणी व दुरुस्तीसाठी ती बोटीने ओढून नेली होती आणि माझ्या भेटीच्या चारच दिवस आधी, 1 डिसेंबरला, योकोहामाहून परत आणली होती. अंधार पडल्यावर ती पाचही रंगांत उजळली. किनाऱ्यावर पन्नासेक माणसे असतील. कोणी ओरडले नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे मास्क लावून हातभर अंतराने उभे राहून शांतपणे पाहत होते.

रविवारी दुपारी मी निशीकासाईला मित्राकडे जेवायला गेलो. एदोगावा वॉर्डातली ही वस्ती टोकियोतल्या भारतीयांचे माहेरघर समजली जाते. मराठी माणसेही पुष्कळ आहेत आणि 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेव्हा आम्हा नागोयाकरांनाही अभिमान वाटला होता. मित्राने दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या आणि डिसेंबरच्या गारठ्यात आम्ही स्वेटर घालून, एका ओळीत अंतर सोडून, वहिनींनी केलेला तांबडा-पांढरा रस्सा जेवलो. वहिनी कोल्हापूरच्या. इतक्या महिन्यांनी कुणी पाहुणा घरी आला म्हणून त्यांनी इतका आग्रह केला, की सकाळच्या त्या भाताच्या गोळ्याचे दुःख मी विसरलो.

जेवणानंतर वहिनींनी कपाटातून एक पुस्तिका आणून माझ्यासमोर ठेवली. टोकियो महानगराने रस्त्यांवर, स्थानकांवर पाहुण्यांना वाट दाखवण्यासाठी जे स्वयंसेवक निवडले होते, त्यांत त्या होत्या आणि साथ येण्यापूर्वी त्यांचे पहिले प्रशिक्षणही झाले होते. पुस्तिका संपूर्ण जपानीत, आणि प्रत्येक पानाच्या समासात बारीक मराठी अक्षर. ‘हरवलेली वस्तू’, ‘चाकाची खुर्ची कुठून न्यायची’, ‘चक्कर आल्यास आधी सावलीत बसवणे’. एका पानावर हाताचे चित्र स्वतःच काढून त्यांनी शेजारी लिहिले होते, ‘बोट दाखवायचे नाही. पूर्ण तळहात, बोटे जुळलेली.’ पहिल्या पानावर उद्घाटनाची तारीख होती. ‘शुक्रवार’ हा शब्द जुना, ठसठशीत. त्याच्यापुढचा कागद खोडरबराने घासून पातळ झालेला आणि त्यावर नव्याने लिहिलेले ‘23 जुलै 2021’. खाली जुन्या ‘24 जुलै 2020’चा दाब अजून दिसत होता.

“वार तोच राहिला, म्हणून तेवढा खोडला नाही,” वहिनी म्हणाल्या.

मी विचारले, “वहिनी, पेनने का नाही लिहिली?”

“आता काही ठरेपर्यंत पेन्सिलच बरी, भाऊजी. माझ्या आईने माझ्या लग्नाची तारीखसुद्धा कॅलेंडरवर पेन्सिलीनेच लिहिली होती.”

त्यांनी स्वयंसेवक म्हणून नाव का दिले, तेही त्या दिवशी कळले. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या दोघी कोल्हापूरच्या नेमबाज 2019 मध्येच टोकियोसाठी कोटा मिळवून बसल्या होत्या. नेमबाजीची स्पर्धा असाकाला, शहराबाहेर, होणार होती. तिथे आपली नेमणूक होणार नाही हे वहिनींना ठाऊक होते. “पण आपल्या गावच्या पोरी एवढ्या लांब येणार आणि मी इथे राहून घरात बसायचे, हे काही बरे दिसले नसते,” असे त्या म्हणाल्या. बीडचा धावपटू अविनाश साबळे, साताऱ्याचा तिरंदाज प्रवीण जाधव, सगळ्यांची नावे त्यांना पाठ होती. घरापासून जवळच होणाऱ्या कनू स्लॅलमची, म्हणजे खळाळत्या पाण्यातल्या होड्यांच्या शर्यतीची, तीन तिकिटेही त्यांनी सोडतीत मिळवली होती. तिकिटे परत करून पैसे घ्यायची मुदत 30 नोव्हेंबरला संपली होती. मित्राचे मत परत करावीत असे होते, वहिनींनी केली नाहीत. या विषयावर त्या घरात पुरेसे बोलून झाले असावे, कारण मित्र उठून चहा करायला गेला.

तिसऱ्या प्रहरी आम्ही मुलीला घेऊन कासाई रिंकाई उद्यानातल्या 117 मीटर उंच पाळण्यात बसलो. कनू स्लॅलमचे केंद्र या उद्यानाच्या शेजारीच आहे. आधी ते उद्यानाच्या आतच बांधायचे ठरले होते. पक्ष्यांच्या अधिवासाला धक्का पोहोचेल म्हणून पक्षिप्रेमींनी हरकत घेतली आणि जागा बदलून ते शेजारच्या, सांडपाणी प्रकल्पाच्या जमिनीवर नेले. जपानमधला हा पहिलाच कृत्रिम प्रवाह. पाळणा वर चढला तशी ती वळणदार वाट खाली दिसू लागली, बाजूला रिकाम्या जागा, आणि पलीकडे समुद्र. आठ वर्षांच्या मुलीने काचेला नाक लावून विचारले, “आई, आपण कुठे बसणार?” वहिनींनी हात वर करून जागा दाखवली. बोटे जुळलेली, पूर्ण तळहात. ते त्यांच्या लक्षातही आले नसावे.

रात्रीच्या गाडीने मी नागोयाला परतलो. महिनाअखेरीस ‘गो टू’ योजना बंद झाली. जानेवारीत टोकियोत पुन्हा आणीबाणी जाहीर झाली. 20 मार्चला परदेशी प्रेक्षकांना प्रवेश नाही असे ठरले, आणि ज्यांना वाट दाखवायची तेच येणार नाहीत हे वहिनींना कळले. त्यांचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, की इथले लोक तरी येतील, त्यांनाही वाट लागतेच. 8 जुलैला, उद्घाटनाला पंधरा दिवस उरले असताना, टोकियोतल्या सर्व स्पर्धा प्रेक्षकांविना होतील असा निर्णय झाला. तिकिटांचे पैसे परत मिळणार होते. स्थानकांवरची स्वयंसेवकांची कामेही गेली. साथीच्या त्या दिवसांत हा निर्णय योग्यच होता असे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. तरीही त्या रात्री मला आधी आठवले ते त्या पुस्तिकेचे घासलेले पहिले पान.

23 जुलैच्या रात्री उशिरा वहिनींचा फोन आला. मागे पुष्कळ गलका ऐकू येत होता. त्या एकट्याच राष्ट्रीय क्रीडागाराच्या परिसरात गेल्या होत्या. आत प्रेक्षकांना मज्जाव होता, पण कुंपणाबाहेर रस्त्यावर हजारो माणसे जमली होती. कोणी स्पर्धेच्या विरोधात घोषणा देत होते, कोणी मुलांना खांद्यावर घेऊन उभे होते. क्रीडागारावरच्या आकाशात 1,824 ड्रोन्सनी पृथ्वीचा गोल साकारला तो बाहेरूनही दिसला, आणि तो पाहताना आजूबाजूचे सगळे गप्प झाले, असे त्यांनी सांगितले.

“आणि भाऊजी, एका आजोबांनी मला सेन्दागाया स्टेशनची वाट विचारली.”

“मग?”

“मग काय, सांगितली. सोप्या जपानीत, शिकवली होती तश्शी. वळणापर्यंत सोडून आले त्यांना.”

एवढे बोलून, गाडी आली म्हणत त्यांनी फोन ठेवला.