तुम्ही विचारलंत म्हणून: ऐन सणासुदीत मोडी कशी शिकता?

घरात सात आणि चार वर्षांची दोन मुले, सहकारी बँकेतली नोकरी, शिवाय नागपंचमीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत सगळे सण साग्रसंगीत. मग मोडी ही जुनी लिपी शिकायला वेळ कुठून काढता, हा प्रश्न मला साताऱ्यात जो भेटेल तो विचारतो. विचारणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. काहींना स्वतःचेच काहीतरी, म्हणजे माळ्यावर टाकलेली पेटी किंवा लग्नानंतर सोडून दिलेली परीक्षा, पुन्हा हाती घ्यायची असते. काहींना मात्र मी घरातले नेमके कोणते काम बुडवते याचा अंदाज घ्यायचा असतो. दोघांनाही माझे उत्तर एकच आहे. मी चातुर्मासाचा नेम धरते आणि माझा नेम मोडीचा आहे.

यावर बहुतेक जण हसतात, कारण वर्षातले सर्वांत धावपळीचे महिने मी निवडलेले दिसतात. आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकी एकादशीला उठतात असे आपण मानतो. मधल्या काळात घरातल्या बाईच्या झोपेचे काय होते, याबद्दल पोथ्यांत काही सापडत नाही. श्रावणी सोमवार, शुक्रवारचे हळदीकुंकू, गोकुळाष्टमी, पिठोरी, गणपती, गौरी, पितृपक्ष, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी आणि शेवटी तुळशीचे लग्न हे सगळे याच काळात येते आणि मुलांच्या दोन चाचण्या व एक सत्र परीक्षाही त्यातच उरकावी लागते. मी सुरुवात केली ते २०२३ साल तर अधिक श्रावणाचे होते, त्यामुळे आषाढी २९ जूनला आणि कार्तिकी २३ नोव्हेंबरला पडली आणि चातुर्मास चांगला पाच महिन्यांचा झाला. तरीही मी हाच काळ घेतला, याचे कारण माझ्या सासूबाईंच्या लक्ष वातींत आहे.

मी या घरात आले तेव्हा आईंचा लक्ष वातींचा नेम चालू होता. चार महिन्यांत लाख वाती वळायच्या म्हणजे दिवसाला आठशेहून अधिक होतात. दुपारी कापूस पिंजून त्या बसत, शेजारणी येत, गप्पा होत, आणि हात मात्र थांबत नसे. शंभराची एक जुडी झाली की दोऱ्याने बांधून डब्यात. मी एकदा त्यांना विचारले की लाखाचे दडपण येत नाही का. त्या म्हणाल्या, "लाखाचा हिशेब पहिल्या दिवशीच करायचा. मग रोजच्या जुड्या तेवढ्या मोजायच्या." मी बँकेत कर्जाचे हप्ते बांधून देण्याचेच काम करते, तरी हे गणित स्वतःच्या आयुष्याला लावावे असे मला तोपर्यंत सुचले नव्हते.

पुढे मला उमगत गेले की नेम ही फार हुशारीने घडवलेली गोष्ट आहे. तो लहान असतो, रोजचा असतो आणि त्याला शेवटची तारीख असते. एक जानेवारीला आपण जे संकल्प सोडतो ते आमरण असतात, म्हणून ते संक्रांतीपर्यंतही टिकत नाहीत. कांदा-लसूण किंवा वांगे कार्तिकीपर्यंतच सोडायचे असते, म्हणून ते सुटते. शिवाय नेम घरात सर्वांना माहीत असतो. आईंचा कापूस समोर असला की सासरे स्वतः उठून चहा टाकत, आणि त्याबद्दल कोणी चर्चा करत नसे. बाई "मला जरा वेळ हवा आहे" म्हणाली तर घर तिला शंभर प्रश्न विचारते. तिने "माझा नेम आहे" म्हटले की ताट वाढणारा हातसुद्धा थांबतो. हा अधिकार परंपरेने बायकांना दिला तो नवऱ्याच्या आयुष्यासाठी आणि मुलांच्या सुखासाठी, त्यांच्या स्वतःसाठी जवळजवळ कधीच नाही, हे मला खटकते. उपास करून इतरांसाठी पुरण वाटणाऱ्या बायकांचे कौतुक माझ्याने होत नाही. पण साचा चांगला असेल तर त्यात आपल्याला हवे ते ओतावे, असे मला वाटते, आणि आईंनीही त्याला हरकत घेतली नाही.

मोडीच का, हा त्यातला उपप्रश्न. सासऱ्यांच्या आजोबांची एक खर्चाची वही घरात होती. तांबड्या कापडात बांधलेली ती वही दर दसऱ्याला बाहेर निघायची, तिला हळदकुंकू लागायचे आणि ती पुन्हा ट्रंकेत जायची, कारण ती वाचता येणारे घरात कोणी उरले नव्हते. साधारण १९५० पर्यंत घरोघरचे हिशेब, पत्रे आणि दस्तऐवज मोडीत लिहिले जात. छापखान्याने बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, उचलली आणि दोन पिढ्यांत पणजोबांचे अक्षर पतवंडांना परके झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कोट्यवधी कागद आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग भरवतात, आणि अशा वर्गात मुळाक्षरे थोड्या दिवसांत येतात. खरे काम त्यानंतरचे. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरे हात न उचलता लिहीत जायचे. शब्द सुटे नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि प्रत्येक लेखनिकाचा हात निराळा. भोंडल्याची खिरापत ओळखताना डबा हलवून, वास घेऊन, गोड की तिखट विचारत जसे आपण जवळ जवळ येतो, तसाच मोडीतला शब्द हाती लागतो. म्हणून तिला महिनाभराच्या वर्गापेक्षा रोजचा थोडा सराव लागतो, आणि रोजचे थोडे म्हणजेच नेम.

माझा नेम रोज चार ओळी वाचण्याचा आहे. चारच. जास्त उत्साह आला तरी चौथ्या ओळीला वही मिटायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी अंगावर येते. वेळ संध्याकाळची, सांजवात लावल्यानंतरची. पहाटे उठण्याचा सल्ला मला खूप जणींनी दिला. ज्यांची मुले कुशीत झोपतात त्या आयांनी हा सल्ला मनावर घेऊ नये, कारण आई उठली की पाच मिनिटांत मूलही उठते आणि मग मोडीही होत नाही आणि झोपही. संध्याकाळी मुलांना बसवून ठेवायचे कसे, याचेही उत्तर शिरोरेषेनेच दिले. मी वाचलेल्या ओळी नंतर वहीत उतरवते, आणि त्यासाठी रेघा ओढून देण्याचे काम धाकट्याकडे आहे. तो पट्टी दोन्ही हातांनी दाबून धरतो, जीभ बाहेर काढतो आणि पेन्सिल अर्ध्यावर पट्टीवरून घसरली की रेघ खाली उतरते. त्या उतरत्या रेघेखाली माझी अक्षरेही उतारावरून जातात. मोठी दुसरीत आहे. मोडीत पहिली वेलांटी की दुसरी हा प्रश्नच येत नाही, हे कळल्यापासून तिने शुद्धलेखनाच्या वहीविरुद्ध लढा पुकारला आहे. पत्रांच्या शेवटी "बहुत काय लिहिणे" असे लिहीत, हे तिला फार आवडले आणि तिने शाळेत निबंधाच्या शेवटी तेच लिहिले. बाईंनी त्याला लाल रेघ मारली नाही, ही त्यांची कृपा.

सणांच्या दिवसांत काय करता, असे विचारले जाते तेव्हा मला नेमाचे दुसरे शहाणपण सांगावे लागते. खंड कुठे चालतो हे जुन्या लोकांनी आधीच ठरवलेले असते. सोयर-सुतक आले तर पूजा थांबते आणि त्याचा दोष लागत नाही. मीही तसेच ठरवले: गौरी जेवतात त्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला आणि मूल तापाने फणफणलेले असेल तेव्हा वही उघडायची नाही आणि दुसऱ्या दिवशी आठ ओळीही करायच्या नाहीत. राहिलेले भरून काढण्याच्या नादात नेम मोडतात, हे मी व्यायामशाळेचे वर्षाचे पैसे भरणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांकडे बघून सांगू शकते. पिठोरीच्या संध्याकाळी मात्र मी एक ओळ वाचतेच. त्या दिवशी खीर-पुरीचे वाण डोक्यावर धरून आई मागे न बघता विचारते, "अतिथी कोण?" आणि पाठीमागे बसलेले मूल "मी" म्हणून वाण घेते. धाकटा पहिल्या "अतिथी"लाच "मी" म्हणून ओरडतो आणि "कोण" उच्चारेपर्यंत पुरी त्याच्या तोंडात असते. ते झाले, अंगणातला चिखल पुसला गेला, की एक ओळ.

घरातल्या इतरांचे म्हणाल तर दिवाळीचा किल्ला पूर्णपणे नवऱ्याकडे आहे, आणि तो ते काम मुलांपेक्षाही जास्त गंभीरपणे करतो. फराळातल्या चकल्या आणि अनारसे आम्ही विकत आणतो. यावर नातेवाइकांत बोलले जाते. बोलू द्यावे.

वहीतले जे पान मी पहिल्यांदा सलग वाचू शकले ते एका बारशाच्या खर्चाचे आहे, शके १८४६ चे, म्हणजे १९२४-२५ मधले. बारसे सासऱ्यांच्या वडिलांचे. वरती "श्री", खाली "चि।चे बारशाचा खर्च" आणि मग यादी. हिशेबातले पाव, अर्धा आणि पाऊण हे उभ्या दंडांनी दाखवतात: एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, त्यामुळे घुगऱ्यांसाठी आणलेले हरभरे २॥ शेर हे वाचायला अडचण आली नाही, पण रुपये, आणे आणि पै यांच्या रकान्यांनी मला आठवडाभर खेळवले. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा हे मोठीला समजावून सांगताना १९५७ साली दशमान नाणी आली ती किती बरे झाले, असे दोघींनाही वाटले. यादीत गूळ आहे, सुके खोबरे आहे, वाजंत्र्यांची बिदागी आहे, पाळण्याची दोरी वेगळी मांडलेली आहे. सोनाराचा आकडा सर्वांत मोठा. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "केक नाही?" धाकट्याचा वाढदिवस जवळ आल्याने त्यालाही हाच प्रश्न महत्त्वाचा वाटला.

मला त्या पानावर थबकायला लावले ते दुसऱ्याच एका ओळीने. "बाळंतिणीस डिंक, अळीव, खारीक". पूर्ण यादीत त्या बाईचा उल्लेख एवढाच आहे. तिचे नाव नाही, आणि आता घरात ते कोणाला ठाऊकही नाही. आईंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि पुढे किती आणे लिहिले आहेत ते विचारले. सव्वा रुपया होता. "बरा खर्च केलान म्हणायचा," असे म्हणून त्या पुन्हा वातींकडे वळल्या. वहीच्या पुढच्या पानांत ती कुठे आणखी सापडते का, हे मी आता मुद्दाम बघते. एके ठिकाणी लुगड्याचा खर्च आहे, पण तो कोणासाठी ते लिहिलेले नाही.

नेम संपला की उद्यापन करावे लागते, नाहीतर तो फळत नाही असे आईंचे ठाम मत आहे, आणि याबाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. तुळशीचे लग्न झाले, मुलांनी चुरमुरे आणि ऊस लांबवला, की मी वर्षभरातले एक पान सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. मामंजी त्या दिवशी स्वच्छ सदरा घालून बसतात. पहिल्या वर्षी बारशाचे पान वाचले तेव्हा आपल्या वडिलांच्या पाळण्याच्या दोरीची किंमत ऐकून ते बराच वेळ हसत होते. त्यानंतर आषाढीपर्यंत मी वहीला हात लावत नाही. मग आठ महिने मी काय करते, असेही लोक विचारतात. काही करत नाही. मुलांच्या परीक्षा घेते, लग्नांना जाते, मालिका बघते.

याच प्रश्नाला जोडून हल्ली दुसराही येतो: आमचे कागद वाचून देता का? २०२३ च्या शरदात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कामाला लागली, जुन्या दप्तरांतले बरेच कागद मोडीत असल्याने मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली, आणि मी अजून बाराखडीत अडखळत असताना बँकेच्या काउंटरवर लोक पिशव्यांतून कागद काढू लागले. त्यांना मी जे सांगते तेच इथे लिहून ठेवते. सरकारी कामासाठी जाणकार मोडी वाचकाकडे जावे. माझे वाचन घरगुती आहे. घरातली पत्रे, हिशेब, लग्नाच्या याद्या असतील तर मी आनंदाने बघेन, पण तुळशीच्या लग्नानंतर. मूळ कागद सोबत घेऊन हिंडू नये, मोबाइलवर उजेडात काढलेला फोटो पुरतो. आणि कागद जपायचा म्हणून त्याला लॅमिनेशन अजिबात करू नये. ते पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा, म्हणजे झाले. बहुत काय लिहिणे.