पुणे ते लेह, एकट्यानं: निघण्याआधीची धाकधूक

बेत असा: पुण्याहून नाशिक, धुळे, मग इंदूर, कोटा, जयपूर, हिसारवरून पंजाब, जम्मू, श्रीनगर, कारगिल आणि लेह. परतताना मनालीचा रस्ता. गाडी म्हणजे हिमालयन ४११ मोटरसायकल, सोबत कुणी नाही. हे ऐकल्यावर येणारे प्रश्न ठरलेले असतात. वाटेत कुणी लुटलं तर? कंटाळा नाही का येणार? हे दोन्ही मी यादीतून काढून टाकलेत. हमरस्त्यावर दिवसाउजेडी चालणाऱ्याला चोरापेक्षा उलट्या दिशेनं येणाऱ्या ट्रॅक्टरची भीती जास्त, आणि कंटाळा यायला खड्डे उसंत देत नाहीत.

खरी काळजी वेगळीच आहे. चारजण मिळून गेले की काही कामं कुणी न सांगता होतात. पडलेली गाडी उचलायला हात मिळतात. रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यात आधी दुसरा उतरतो, खोली कळते. डोळे मिटायला लागले की कुणीतरी ओरडतं. उंचीवर माणूस असंबद्ध बोलायला लागला तर ते त्याला स्वतःला कळत नाही, शेजारच्याला कळतं. एकट्यानं निघताना या कामांची सोय आधी लावायची. बाकी तयारी सगळ्यांची सारखीच असते.

आधी महिना. जूनमध्ये हिसार-चुरूच्या पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी कोसळतात आणि जम्मू-श्रीनगर रस्त्यावर अमरनाथ यात्रेच्या ताफ्यांमुळे वाहतूक अडते. एकट्याला सप्टेंबरच बरा: ऊन उतरतं, बर्फ वितळण्याचा जोर कमी झाल्यानं नाल्यांचं पाणीही घटतं. अडचण एकच, आपल्याकडे तेव्हा बहुधा गणपती असतात आणि घरातून निघणं हाच पहिला घाट ठरतो.

समृद्धी महामार्गाचा मोह सोडावा, तिथे दुचाकीला बंदी आहे. धुळ्यापासून राष्ट्रीय महामार्ग ५२ धरला की तो इंदूर, कोटा, जयपूर, चुरू, हिसार करत थेट पंजाबातल्या संगरूरला नेऊन सोडतो. रस्ता शोधायची कटकट नाही, पण सरळ रस्त्याची झोप मात्र वाईट. दिवसाला ४५० ते ५०० किमीच्या वर जायचं नाही, पहाटे पाचला निघायचं, दर दीड तासाला गाडी उभी करून हेल्मेट काढायचं. नुसतं पाय टेकणं थांबण्यात धरत नाही. मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नसतील तर ती डुलकीच होती. चहा पिऊन ती जात नाही, ढाब्याच्या खाटेवर वीस मिनिटं आडवं झालं तरच जाते. अंधार पडल्यावर चालवायचं नाही. मुक्कामाचं गाव ५० किमीवर राहिलं असेल तरीही नाही, कारण दिवे नसलेल्या ट्रॉल्या आणि गुरं याच वेळी रस्त्यावर असतात.

गाडीच्या बाबतीत सर्वांत उपयोगी सल्ला सर्व्हिसिंगच्या तारखेबद्दल आहे. निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नये. गाडी उघडून जोडली की पुढच्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये काहीतरी सैल होतं: ड्रेन बोल्टमधून तेल झिरपतं, केबल नीट बसलेली नसते, ब्रेकमध्ये हवा राहते. म्हणून पंधरा दिवस आधी सर्व्हिसिंग आणि नंतर सामान लादून महाबळेश्वरची एक फेरी. पसरणी घाटात सामानासकट गाडी कशी वळते ते त्याच फेरीत कळतं. चेन, दोन्ही स्प्रॉकेट, ब्रेक पॅड यांचं अर्धं आयुष्य सरलं असेल तर बदलून टाकायचे. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर नवं डॉट ४ भरायचं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि लांब उतारावर ते पाणी उकळलं की ब्रेक पोकळ लागतो.

या गाडीची चाकं आऱ्यांची, टायर ट्यूबचे. म्हणजे प्लग खुपसून पंक्चर काढता येत नाही, चाकच उतरवावं लागतं. ही कसरत घरच्या पार्किंगमध्ये, बरोबर न्यायच्या पान्यांनीच, एकदा करून पाहायची. तिथे पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की मागच्या ॲक्सलचा नट हलत नाही. गॅरेजमध्ये तो हवेच्या गननं किंवा पान्याला पाइप लावून आवळलेला असतो. आपल्या आखूड पान्यानं तो सुटणार कसा? तो गॅरेजमध्येच सोडवून घ्यावा, आपल्या पान्यानं पुन्हा भरपूर घट्ट आवळावा आणि शंभरेक किलोमीटरनंतर तपासावा. दुसरी गोष्ट, टायर बसवताना लिव्हरखाली (टायर रिमवर चढवायच्या पट्टीखाली) नवी ट्यूब चिमटते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला गोल आकार द्यायचा, बाहेरून टाल्कम पावडर चोळायची, आणि टायरची कड समोरच्या बाजूला रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची. मग शेवटचा भाग जोर न लावता आत जातो. दोन ट्यूब, तीन लिव्हर, पॅच, सोल्युशन आणि हातपंप. वजन फारच होत असेल तर पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब मागच्या १७ इंची टायरमध्ये घडी पडू न देता घालून पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. उलटं जमत नाही.

जादा क्लच केबल सामानात ठेवण्यापेक्षा चालू केबलच्या शेजारूनच दुसरी ओवून टाय मारून ठेवावी. तुटली की नुसती टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. क्लच आणि ब्रेकचा एकेक जादा लिव्हर (पडल्यावर आधी हेच मोडतात), स्पार्क प्लग, फ्यूज, चेन लिंक, अर्धा लिटर इंजिन ऑइल आणि एम-सील. याहून जास्त स्पेअर म्हणजे भीतीचं ओझं. बेअरिंग बरोबर नेलं तरी रस्त्याकडेला ठोकून बसवणार कोण?

सामानासकट ही गाडी सव्वादोनशे किलोच्या आसपास जाते. एकट्यानं उचलता येते, ताकदीपेक्षा पद्धत लागते. किल स्विच दाबून इंजिन बंद करायचं, सामान उतरवायचं, आणि म्हणूनच बॅगा बकलनं झटकन सुटणाऱ्या हव्यात. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, शक्य असेल तर पहिला गिअर टाकायचा. सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हातात जमिनीकडची मूठ, दुसऱ्या हातात मागची पट्टी, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर उलट्या पावलांनी मागे सरकायचं. उंचीवर याआधी पाच मिनिटं बसून दम खायचा. घाईनं उचलायला गेलेल्याची कंबर जाते आणि गाडी तिथेच राहते.

नाले मुख्यतः परतीच्या रस्त्यावर, बारालाचा खिंडीच्या आसपास. पाणी सकाळी कमी असतं, दुपारी ऊन चढलं की वाढतं, त्यामुळे तो टप्पा पहाटेच गाठायचा. पात्र जिथे पसरट आणि पाणी खळखळतं तिथे ते उथळ असतं. अरुंद आणि गुळगुळीत दिसतं तिथे खोल. पुढे जाणारा कुणी नसेल तर गाडी उभी करून ट्रकची वाट पाहायची आणि त्याची चाकं कुठवर बुडतात ते बघायचं. पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखं, क्लचला हात नाही, नजर पलीकडच्या काठावर. मधेच इंजिन बंद पडून सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बुडाला असेल तर स्टार्टर दाबायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढून प्लग उघडायचा, मग स्टार्टर मारून पाणी उडवायचं.

आता उंची. श्रीनगरकडून चढण्याचं कारणच हे आहे. कारगिल साधारण २,७०० मीटरवर आणि लेह ३,५०० वर, शरीराला वेळ मिळतो. मनालीहून निघून दुसऱ्या रात्री सरचूला, ४,२९० मीटरवर, झोपणारे डोकं धरून बसतात. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकू नये, असा नियम आहे. कारगिल-लेह टप्पा तो मोडतो, म्हणून लेहला किमान दोन रात्री काहीही न करता काढायच्या. खारदुंगला खिंड नंतर. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी बरेच जण १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात. पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. खरं तर कुणीच लावू नये.

एकट्याचा प्रश्न आहे लक्षणं ओळखण्याचा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहे तिथेच थांबायचं. सकाळ-संध्याकाळ टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून पाहायचं. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र काढायची नाही. मिळेल त्या वाहनानं खाली उतरायचं, गाडी तिथेच सोडून. लेहमध्ये सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटल आहे. आणि मुक्कामाच्या मालकाला झोपण्याआधी सांगून ठेवायचं: "भाईसाब, सुबह सात बजे तक बाहर न दिखूँ तो दरवाज़ा खटखटाना." यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तिकडच्या लोकांना ते नवीन नाही.

पेट्रोलची चिंता आकडेमोडीनं मिटते. मनालीहून लेहकडे जाताना लागणाऱ्या टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किमीवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे. परतताना हेच उलट: लेहजवळच्या कारूला टाकी भरायची ती टांडीपर्यंत. १५ लिटरची टाकी, चढावर मायलेज २५ धरलं तर ३७५ किमी, म्हणजे अगदी काठावर. पाच लिटरचा लोखंडी कॅन हवाच, गळ्यापर्यंत न भरलेला, आणि झाकण हळू उघडायचं. वर हवेचा दाब कमी असल्यानं आतली वाफ जोरात बाहेर येते. त्याच कारणानं टांगलांगला खिंडीत, ५,३०० मीटरवर, चिप्सच्या पाकिटासारखे टायरही हवा मोजताना थोडे जास्त भरलेले दिसतात. थंडीनं त्यातलं काही परत उतरतं, म्हणून तिथे हवा काढत बसू नये.

बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. निघण्याच्या पुरेसं आधी पोस्टपेड करून घ्यायचं. तरीही मनाली रस्त्यावर लांबच लांब पट्टे रेंजविना आहेत. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय बाळगणं भारतात बेकायदा आहे, परदेशातल्या मित्रानं दिला तरी नेऊ नये. रेंज नाही म्हणजे यूपीआय नाही. रोख रक्कम तीन ठिकाणी विभागून ठेवायची.

घरी मात्र "रोज फोन करीन" असं वचन देऊ नये. रेंज गेली की पहिल्याच रात्री रडारड. त्याऐवजी एक कागद: कुठल्या तारखेला कुठला मुक्काम, गाडीचा नंबर, पॉलिसी नंबर, रक्तगट. त्याखाली नियम: लेह-मनाली टप्प्यात ३६ तास निरोप नाही आला तर काळजी करायची नाही, त्यानंतर शेवटच्या मुक्कामाला फोन लावायचा, तिथून उत्तर नाही मिळालं तर लेह किंवा लाहौल-स्पीतीच्या पोलीस कंट्रोल रूमला. ते नंबर आपणच शोधून कागदावर लिहून द्यायचे. हा कागद आईकडे नाही, डोकं शांत ठेवणाऱ्या भावाकडे किंवा मित्राकडे.

निघायचं रविवारी. कामाच्या दिवशी चाकण सहाच्या आत ओलांडलं नाही तर कंपन्यांच्या बसगाड्यांत तासभर जातो, आणि मग धुळ्याच्या पुढे सेंधव्याचा मुक्काम अंधारात गाठावा लागतो.